न उसवलेलं शेवटचं प्रकरण

मुलांसाठी रहस्यकथा लिहिणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्यापासून घरात काही लपत नसेल. मलाही तसंच वाटायचं. उभ्या आयुष्यात मी कितीतरी चोर पकडले, हरवलेली लेकरं शोधली, खोटी मृत्युपत्रं उघडी पाडली. सगळं कागदावर, आणि सगळं संध्याकाळच्या चहाच्या आत. माझी सख्खी नात मात्र अकोल्याच्या एका होस्टेलात विझत गेली आणि त्याचा पत्ता घरात सगळ्यांत शेवटी मला लागला. तोही माझ्या हुशारीने नाही. आणि लागूनही तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

घ्या, शेवट पहिल्याच परिच्छेदात सांगून बसले. शेवट लपवण्यावर जिचं पोट चाललं त्या बाईला आता तेवढाही धीर धरवत नाही.

पहिली गोष्ट लिहिली तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन अमरावतीत आले होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. दुपारी सासूबाई लवंडल्या की चुलीजवळच्या पाटावर बसून मी गुन्हे करायची. माझी गुप्तहेर होती बारा वर्षांची एक पोरगी. तिच्याकडे भिंग होतं, सायकल होती, आणि देवाने दिलेली अशी बुद्धी होती की तिच्यापुढे सगळे मोठे खुळे दिसायचे. गुन्हेगाराला दर वेळी मिशी. तीन गोष्टी ऐकून झाल्यावर सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "माह्या पोराची मिशी तुले डाचते का वं?"

पुढच्या गोष्टीत मी चोराला मिशीऐवजी लंगडी चाल दिली. त्यात त्या पोरीने वावरात पावसानंतर उमटलेल्या बुटाच्या ठशावरून चोर ओळखला होता. ठशात टाचेची चीर, चिरेत अडकलेला खडा, असं सगळं बारकाईने लिहिलेलं. ते पुस्तक घेऊन मी चांदूर बाजारच्या एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला गेले. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या वावरात पाऊस आला की चप्पलच वर येत नाई. पायाले ही एवढी ढेकळं लागतात. ठसा कुठून दिसन?" सगळा वर्ग हसला. गुरुजींनी तिला खाली बसवलं. वऱ्हाडात जन्मून, काळ्या मातीत पाय रुतवून मोठी झालेली मी, आणि ठसे उमटवले कुठले कोण जाणे. माझी नजर तेव्हापासून अशीच आहे. समोरचं सोडून भलतीकडे बघणारी.

धंद्याचे नियम मात्र मी लवकर शिकले. पहिल्या दोन पानांत आईबापांना कुठेतरी पाठवून द्यायचं, लग्नाला म्हणा, मोर्शीला कुणाच्या तेराव्याला म्हणा. मोठी माणसं घरात असली की मुलांना धाडस करता येत नाही. मग मुलं सुगावा काढतात, चुकतात, एखादा निर्दोष माणूस पकडतात, पुन्हा शोधतात. आणि शेवटच्या प्रकरणात पुरावा इन्स्पेक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवतात. साहेब टोपी काढून म्हणतात, "शाब्बास", आणि लगेच जीप काढायला सांगतात. माझ्या गोष्टींतला सगळ्यांत बिनकामाचा माणूस म्हणजे हा इन्स्पेक्टर. पण त्याच्याशिवाय एकही गोष्ट संपत नव्हती.

माझी नात ह्या गोष्टींवरच वाढली. एक वाईट खोड तिने माझीच घेतली होती, ती म्हणजे आधी शेवटचं पान वाचायची. गुन्हेगार कळला की पुस्तक फेकून द्यायची आणि वर मलाच सांगायची, "आजी, हे बोरिंग आहे, मावशीच असते." शेवटी मी गोधडीचा दोरा घेतला आणि प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कडेने टाचून टाकलं. नियम असा ठरला की गुन्हेगार कोण ते आधी मला सांगायचं, का ते सांगायचं, मग कात्री मिळणार. ती माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि बोटं मोडत पुरावे सांगायची. चुकली तरी कात्री द्यायची मी. टाके उसवण्याचा तो कर्र आवाज तिला फार आवडायचा. पुढे ती माझी पुस्तकं सोडून मोठ्या मुलांच्या रहस्यकथांकडे वळली, मी जुन्या बाजारातून आणायची, पण टाके चालूच राहिले. दहावीतही ती म्हणायची, "आजी, शिवलं का?"

दहावीला तिला भरभरून मार्क मिळाले. आमच्याकडे असं लेकरू घरी ठेवत नाहीत, अकोल्याला नेऊन ठेवतात. डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास तिकडे, होस्टेलं तिकडे, मेस तिकडे. आख्ख्या वऱ्हाडातली हुशार पोरं तिकडे एका वस्तीत गोळा होतात. तिच्या बापाने, माझ्या मुलाने, तिला विचारलं होतं, "जातेस ना?" ती "हो" म्हणाली होती. त्या वयात आईबापांच्या डोळ्यांत एवढा आनंद दिसला तर कोण "नाही" म्हणेल?

दर शनिवारी मी पिशवी भरायची. जवसाची चटणी, तिखट पुऱ्या, हंगाम असला तर संत्री, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं टाचलेलं पुस्तक. पुस्तकाचं मुलाला माहीत नव्हतं, सुनेला माहीत होतं पण ती बघितलं न बघितल्यासारखं करायची. पिशवी घेऊन मी स्टँडवर जायची आणि अकोला गाडीच्या वाहकाच्या हाती द्यायची. आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांचे डबे पिढ्यान्‌पिढ्या असेच एसटीने जात आले. तिकडे नात येऊन पिशवी उतरवून घ्यायची आणि मागच्या आठवड्याचे रिकामे डबे, वाचलेलं पुस्तक त्याच गाडीने परत पाठवायची. रविवारी तिचा फोन यायचा. "आजी, भाचा आहे ना? घड्याळ डाव्या हातात होतं त्याच्या." मी म्हणायची, "काप मग." आणि फोनवर मला कर्र ऐकू यायचं.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी दिवाळी करून ती परत गेली, आणि पुस्तकं टाके न उसवता यायला लागली.

पहिल्या वेळी मला वाटलं, विसरली. दुसऱ्या वेळी मी फोनवर विचारलं, "कोण होतं वं?" ती म्हणाली, "वाचलं आजी, मस्त होतं." मी म्हटलं, "पण कोण?" "शेजारी." त्या पुस्तकात शेजारी नव्हताच. डबे मात्र घासून लख्ख येत होते. इतके लख्ख की मला ते आवडले नाहीत. ही पोरगी घरी कधी बशी विसळत नव्हती.

मी मुलाला म्हटलं, "पोरीचं काहीतरी बिनसलं." तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "वाचायला वेळ नसेल आई. अभ्यास करून राहिली ती. चांगलंच आहे ना." सून पोळी वाढताना क्षणभर थांबली आणि पुन्हा वाढायला लागली. ते थांबणं मी पाहिलं होतं. माझ्या पुस्तकातल्या पोरीने ते पकडलं असतं. मी आपली भाजीत मीठ कमी आहे का ह्या विचारात होते.

मग मी माझा तर्क लावला. सतरा वर्षांची मुलगी, वाचन सुटलं, फोनवर खोटं बोलते, डबे घासते. म्हणजे प्रकरण दुसरं काय असणार? पोरगा. मोठ्या मुलींसाठी मी एकच कादंबरी लिहिली होती, तिशीत असताना, आणि त्यात वाचणं सोडणारी नायिका प्रेमात पडलेली होती. तिशीतल्या त्या बाईला जगात दोनच रहस्यं ठाऊक होती, चोरी आणि प्रेम. पन्नाशीत, साठीतही तिने त्यात तिसऱ्याची भर घातली नाही. आणि मी, सत्तरी ओलांडलेली, तिच्याच भरवशावर एप्रिलमध्ये पहिल्या गाडीने अकोल्याला निघाले. घरी सांगितलं, एका शाळेत कार्यक्रम आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा गॉगल लावला, डोक्यावर पदर घेतला. आरशात पाहून स्वतःवरच खूष झाले. वेषांतर म्हणजे असं. मूर्तिजापूरपर्यंत मी मनातल्या मनात त्या पोराला दरडावून पाहत होते. "कुठला रे तू? बाप काय करते?" त्याचं तोंड मला दिसत होतं, त्याला कोवळी मिशी होती.

अकोल्यात उतरले आणि माझ्या लक्षात आलं की आख्खं गावच वेषांतर करून हिंडतं आहे. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पोरी दुपट्टा असा गुंडाळतात की फक्त डोळे उरतात, आणि वर गॉगल चढला की तेही नाही. क्लासच्या फाटकासमोर रसवंतीत मी बसले होते. शंभर पोरी आत गेल्या असतील, एकीचंही तोंड दिसलं नाही. एवढ्या वर्षांत मी एकही गोष्ट एप्रिल महिन्यात घडवली नव्हती, ते बरंच केलं होतं म्हणायचं.

शेवटी जांभळी बॅग दिसली. नातीला मीच घेऊन दिलेली. चालही तीच, थोडी पुढे वाकून. मी उठले. ती झेरॉक्सच्या दुकानात गेली, मी विजेच्या खांबाआड. ती मेसमध्ये गेली, मी समोरच्या मेडिकलमध्ये उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. तिथून अभ्यासिकेत. मी जिन्यावर बसले. ती बाहेर आली, मी उठेपर्यंत तिने वळणही घेतलं होतं, गुडघे धरून मी मागे धावले. कोपऱ्यावर ती माझीच वाट पाहत उभी होती.

"आजी, तुमाले काही पाहिजे का? सकाळपासून माझ्या मागं येऊन राहिल्या तुमी."

तिने दुपट्टा सोडला. कुण्या भलत्याच घरची पोरगी. घामेजलेला, भला चेहरा. मी म्हटलं, "मले वाटलं, माही नात हाय."

"जांभळी बॅग? अर्ध्या क्लासकडे हायत." तिने पाण्याची बाटली पुढे केली. "प्या. ऊन लागलं तुमाले."

मी तिचं पाणी प्याले. ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि रिक्षावाल्याला बजावून सांगितलं, "स्टँडवर नीट उतरवून द्या भाऊ, चक्कर येऊन राहिली त्याहिले." मी रिक्षात बसले. नातीला होस्टेलवर जाऊन भेटायचं तरी कुठल्या तोंडाने? पाळत ठेवायला आले होते म्हणून? परत जावं असंच ठरवलं.

स्टँडवर दुपारची वेळ. पंख्याखालचे बाक भरलेले. मी पाट्या वाचायच्या भानगडीत न पडता एका बाकावर टेकले. शेजारी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली एक पोरगी मांडीवर बॅग घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, "काय वं, अमरावती गाडी इथंच लागते का?"

"इथंच लागते आजी," ती म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू, "तू इथं काहून आली?"

मी गॉगल काढला. तिने दुपट्टा काढला नाही.

"कार्यक्रम होता," मी म्हटलं.

"कुठल्या शाळेत?"

"तू इथं काय करून राहिली? क्लास नाई का?"

"तू आधी सांग."

"तुह्या मागावर आली होती. भलत्याच पोरीच्या मागं अर्धं अकोला हिंडली. मले वाटलं, तुह्यं कोणाशी जमलं."

तिचे डोळे बारीक झाले, म्हणजे हसली असावी. "माझं? आजी, माझ्याशी तर मीच बोलत नाई."

मग तिने सांगितलं. खालच्या आवाजात, समोर बघत, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं. दिवाळीनंतर क्लासमध्ये बसलं की तिला ऐकू येईनासं झालं. सरांचं तोंड हलताना दिसायचं, फळा भरत जायचा, आत काही पोचायचं नाही. एक पान वाचून झालं की काय वाचलं ते आठवायचं नाही, परत तेच पान. माझ्या पुस्तकांचंही तेच. एका पुस्तकाचं पहिलं पान तिने इतक्यांदा वाचलं की त्यातल्या मेलेल्या माणसाचा तिला राग यायला लागला. मग ती क्लासला म्हणून निघायची आणि इथे येऊन बसायची.

"इथंच काहून?"

"इथलं ऐकू येते. बडनेरा, अमरावती, परतवाडा. कंडक्टर ओरडतात ते सगळं कळते मले."

"मग बसली काहून नाई गाडीत? दोन तासांत घरी असती."

"घरी जाऊन काय सांगणार?" बॅगेचा पट्टा ती बोटाला गुंडाळत होती. "मले वाटे, कोणीतरी उतरन गाडीतून. आई नाही तर बाबा. पण त्याईले माहीतच नाई, तर येतील कसे."

गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. ती म्हणाली, "तुझी गाडी लागली आजी." मी तिचं मनगट धरलं. ते माझ्या हातात इतकं सहज मावलं की मला घाबरायला झालं. मी म्हटलं, "चाल." तिने विचारलं नाही की कुठे. कपडे, पुस्तकं, सगळं होस्टेलवर ठेवून ती माझ्याबरोबर गाडीत चढली आणि बोरगाव यायच्या आत झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात पुरावे लावत होते. काय आधी सांगायचं, काय नंतर. मला वाटत होतं, चुकत-माकत का होईना, मी शोधून काढलं. आता घरी जाऊन फक्त सांगायचं आहे.

घरी सुनेने दार उघडलं. लेकीला पाहून ती दचकली नाही. तिने लेकीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जेवलीस?" नात आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर पडली. मुलगा ऑफिसातून आला. मी त्याला बैठकीत बसवलं, ती टाचलेली पुस्तकं समोर दिवाणावर ठेवली आणि सगळं ओळीने सांगितलं. टाके, खोटा शेजारी, लख्ख डबे, स्टँडवरचा बाक. म्हटलं, "उद्याच्या उद्या एखाद्या चांगल्या डॉक्टरले दाखव पोरीले. मनाच्या. परीक्षा गेली उडत."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मला माहीत आहे."

"काय माहीत हाय?"

"ती क्लासला जात नाही ते." त्याने खिशातून फोन काढला, पण दाखवला नाही, नुसता हातात धरून ठेवला. "रोज मेसेज येतो. आपला पाल्य आज गैरहजर आहे. दिवाळीपासून येऊन राहिले."

मी सुनेकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाभोवती पिळत होती. "मी रोज फोनवर विचारत होती आई," ती म्हणाली, "जेवली का, झोपली का. ती म्हणे, हो. मग मी पुढं विचारत नव्हती. विचारलं अन् खरं सांगितलं असतं तर?"

"मग तू गेला काहून नाई?" मी मुलाला विचारलं. "दोन तासांचं अकोला. काहून गेला नाई?"

"गेलो असतो तर आणावं लागलं असतं तिला."

तो वाईट माणूस नाही. माझाच आहे. पोरीला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा. तो म्हणाला की त्याने सहकाऱ्यांना विचारलं होतं, बहुतेक पोरांना असं होतं म्हणे, थोडे दिवस, मग आपोआप सावरतात. आपण बोललो तर ती मोडून पडेल, नाही बोललो तर निदान परीक्षेपर्यंत निभावून नेईल. डॉक्टरला दाखवू, नक्की दाखवू, परीक्षा झाली की दाखवू. आता थोडेच दिवस उरलेत. "आणि आई, हे तू कुणाजवळ बोलू नकोस. उद्या तिच्याच लग्नाच्या आड येईल."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. मला ओरडता येईना. मी तिथे बसून एवढाच हिशेब लावत होते की बापाला माहीत होतं, आईला माहीत होतं, क्लासला माहीत होतं, कुठेतरी बसलेल्या त्या मेसेज पाठवणाऱ्या मशीनलाही माहीत होतं. ज्या रहस्याच्या मागे मी वेषांतर करून गेले, ते रहस्य नव्हतंच. घरात एकच माणूस असा होता की ज्याला ठाऊक नव्हतं, आणि तो गुप्तहेर होता.

आणि त्यांना माहीत आहे हे ठाऊक नसलेला एक माणूस आणखी. दार करकरलं म्हणून मी वळून पाहिलं. नात दारात उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे.

"बाबा, तुमाले माहीत होतं?"

तो उठला. "बेटा, हे बघ..."

"दिवाळीपासून?"

"आम्ही तुला त्रास नको म्हणून..."

"नाही, ठीक आहे," ती म्हणाली. ती रडली नाही. रागावली असती तरी मला चाललं असतं. तिने फक्त मान हलवली, एखादं गणित सुटल्यावर हलवतात तशी, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. बाकावर बसून तिने एवढे महिने जे काही धरून ठेवलं होतं, ते इतकंच होतं की त्यांना माहीत नाही म्हणून कोणी येत नाही. ते मी तिच्याकडून काढून घेतलं. फार शोध लावून, ओळीने पुरावे मांडून.

चार-पाच दिवस ती घरी होती. सुनेने तिच्या केसांना तेल लावलं, आवडीचं केलं. ती ताटात वाढलेलं सगळं खायची. टीव्ही लावला तर बघायची, बंद केला तर उठायची. एका दुपारी मी तिच्या शेजारी जाऊन पडले आणि म्हटलं, "आपण दोघी कुठं तरी जाऊ. सेमाडोहले जाऊ, जंगलात राहू चार दिवस. मी तुह्या बापाशी भांडतो." ती म्हणाली, "राहू दे आजी. कशाले त्रास." मी म्हटलं, "तुले काय पायजे ते तरी सांग वं माय. एकदा सांग. मी करतो." तिने बराच विचार केला. मला दिसत होतं, ती खरंच शोधत होती. मग म्हणाली, "काही नाही सुचून राहिलं."

त्या संध्याकाळी तिनेच बापाला सांगितलं, "मला सोडून द्या अकोल्याला." त्याला केवढं हायसं वाटलं. तो मला म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? सावरली."

मी विरोध केला. केला म्हणजे दोन दिवस जेवले नाही, मुलाशी बोलले नाही, सुनेला नको ते बोलले. त्याने काय होणार होतं? नात स्वतः येऊन म्हणाली, "आजी, जेव. माझ्यासाठी नको करू हे." आणि ताट समोर ठेवून मी जेवेपर्यंत बसली. माझ्या ताटातला घास मोजणाऱ्या तिच्या डोळ्यांत काळजी नव्हती, कंटाळाही नव्हता. एक काम होतं ते संपवत होती.

क्लास तिने पुन्हा चुकवला नाही. मुलाला मेसेज यायचे बंद झाले. परीक्षा दिली. निकाल लागला, डॉक्टरकीला पुरतील एवढे मार्क नव्हते, आणि ते तिच्याशिवाय सगळ्यांना अनपेक्षित होतं. डॉक्टरचं मी दोनदा काढलं. सून म्हणाली, "आता तर ती शांत आहे आई, उगाच कशाला उकरायचं." मुलाने तिला पुन्हा विचारलं, "रिपीटरच्या बॅचला बसतेस ना? एकच वर्ष." ती "हो" म्हणाली. त्याच सुरात.

जूनमध्ये ती निघाली. या वेळी होस्टेल नवीन होतं, क्लासला लागूनच, मधे रस्ताही ओलांडावा लागत नाही असं मुलगा सगळ्यांना कौतुकाने सांगत होता. तिने स्वतःची बॅग स्वतः भरली. काही विसरलं का म्हणून आईने उघडून पाहिली, तर सगळं होतं, मोजे जोडीने गुंडाळलेले होते, नेलकटरसुद्धा होतं. मी विचारलं, "वाचायले काही देऊ?" ती म्हणाली, "दे ना." मला बरं वाटावं म्हणून. ते कळल्यावर मी काही दिलं नाही.

स्टँडवर मुलगा तिच्याबरोबर गाडीत चढला. तिला खिडकी मिळाली. मी खाली उभी होते, हात वर केला तर गजापर्यंत पोचत होता. तिने तिचा हात माझ्या हाताजवळ ठेवला. मी धरला, तिने धरू दिला. म्हटलं, "फोन करजो." "हो." "पोटभर जेवजो." "हो." "काही वाटलं तर मले सांगजो, बापाले नको सांगू, मले सांग. मी येतो. लगेच येतो." ती माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं की मी येईन. येऊन काय करीन, तेही तिने पाहिलं होतं.

"हो आजी," ती म्हणाली.

वाहकाने घंटी दिली. मी हात हलवला. तिनेही हलवला, मी हलवत होते म्हणून. मी थांबले तेव्हा ती थांबली.